पाखरांचे सलीम अली

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस झाला. आईवडील लवकर वारले, मामांनी वाढवलं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा! ही कोणती चिमणी? त्या एका प्रश्नापायी ते जन्मभर पाखरांमागं हिंडले.

राजस्थानात, वाढत्या भरतपूर शहराला खेटून, केवलादेवचं पाणथळ आहे. मुलूख कोरडा, म्हणून पाणी अजान बांधातून सोडावं लागतं. थंडीत तिथं परदेशची बदकं उतरतात. पूर्वी तिथं संस्थानिक आणि साहेब लोक शिकार करीत. १९३८ साली एका दिवसात ४,२७३ पाखरं मारली, बघा!

स्वातंत्र्यानंतर मागणी झाली, की पाणी काढून जमीन शेतीला द्या. शेतकऱ्यांचंही चूक नव्हतं, जमीन कुणाला नको? पण सलीम अलींनी हे पंतप्रधान नेहरूंच्या कानावर घातलं. पाणथळ राहिलं. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनं तिथं पाखरांच्या पायांत कडी घालून त्यांना सोडलं. त्यांतली काही पार सायबेरियात सापडली.

१९८५ मध्ये ही जागा जागतिक वारसा ठरली. दोन वर्षांनी, २० जून १९८७ रोजी, सलीम अली मुंबईत वारले. पांचना धरणापासून तिथं नदीचं पाणी कमी येतं. पाऊस हुकला, की पाण्यासाठी शेतकरी आणि पाखरं यांची ओढाताण आजही होते.