हसन फत्ही : एका अपुऱ्या गावाचे स्थपती

ईजिप्तचे स्थपती हसन फत्ही यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया येथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. वडिलांना खेड्याचे वावडे होते. आईला मात्र आपल्या बालपणीच्या खेड्याची ओढ होती. फत्हींना खेडे प्रथम भेटले ते आईच्या आठवणींत. घरच्या शेतीवर त्यांनी पाऊल ठेवले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. तेथील दैन्य आणि मनातील रम्य गाव यांमधील अंतर मिटविणे हेच पुढे त्यांचे जीवितकार्य झाले. १९२६ मध्ये कैरो येथे स्थापत्याचे शिक्षण पूर्ण करून १९३० पासून ते तेथील ललितकला विद्यालयात अध्यापन करू लागले.

दुसऱ्या महायुद्धात पोलाद आणि इमारती लाकूड दुर्मिळ झाले. शेतकऱ्याच्या पायाखालची माती मात्र फुकट होती. कच्च्या विटांच्या भिंती उभारणे सोपे होते. अडचण होती छताची. लाकडाचा आधार न देता विटांची कमानदार छते घालण्याचे फत्हींचे आरंभीचे प्रयोग कोसळले. १९४१ मध्ये अस्वानजवळच्या न्युबियन खेड्यांत त्यांना ती विद्या जिवंत आढळली. तेथील गवंडी मागच्या भिंतीवर मातीने कमानीची रेषा काढीत आणि भुसकट मिसळलेल्या पातळ, हलक्या विटांचे थर तिच्यावर तिरके रेलवीत. प्रत्येक थर आधीच्या थरावर टेकत असल्याने खालून आधार लागतच नसे. लक्सरजवळील रामेसियम मंदिराच्या कोठारांवर अशाच पद्धतीची तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची छते आजही उभी आहेत.

मातीची निवड केवळ स्वस्ताईसाठी नव्हती. जाड भिंती दिवसाची उष्णता आत येऊ देत नाहीत, चौकात रात्रीचा गारवा साठतो आणि ‘मल्कफ’ नावाचा उंच झरोका वरचा वारा टिपून खोलीत उतरवितो. १९६४ मध्ये कैरो येथे मातीची व तयार काँक्रीटची अशा दोन नमुना-खोल्यांची तुलना करण्यात आली. मातीच्या खोलीतील तापमानात दिवसभरात सुमारे २ अंश सेल्सिअसचाच फरक पडला. काँक्रीटची खोली ३६ अंशांपर्यंत तापली.

फत्हींची खरी कसोटी गुर्ना येथे लागली. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर प्राचीन थडग्यांवर वसलेले हे गाव हलविण्याचे पुरातत्त्व खात्याने ठरविले आणि नव्या गावाचे काम १९४५ मध्ये फत्हींकडे आले. एकाच साच्याची घरे त्यांनी नाकारली. प्रत्येक कुटुंबाच्या गरजेनुसार घर आखले. मशीद, बाजार, शाळा आणि नाट्यगृह यांचीही योजना केली. पण गुर्नावासीयांची उपजीविका त्या थडग्यांशी व पर्यटकांशी बांधलेली होती आणि स्थलांतराचा निर्णय त्यांचा नव्हता. घरांवरील घुमटांमुळे काहींना कबरींचीही आठवण होई. विरोधातून एकदा बांध फोडून नव्या गावात पाणी सोडण्यात आले. सरकारी दप्तरदिरंगाईची भर पडून १९४८ च्या सुमारास काम अपुरेच थांबले.

१९५७ मध्ये फत्ही अथेन्सला गेले आणि काही वर्षांनी परतले. खार्गा मरूद्यानातील नवे बारीस हे त्यांचे दुसरे गाव १९६७ च्या युद्धामुळे अर्धवट राहिले. त्यांना जगापुढे आणले ते एका ग्रंथाने. गुर्नाच्या दोन गावांची ही कहाणी १९६९ मध्ये कैरो येथे इंग्रजीत निघाली. १९७० मध्ये तिचा फ्रेंच अनुवाद झाला आणि १९७३ मध्ये शिकागो येथून ती नव्या नावाने प्रसिद्ध झाली. अहवाल, आत्मकथन आणि बांधकामाची पाठ्यपुस्तिका असे तिचे मिश्र रूप आहे. अपयशाची इतकी सविस्तर नोंद स्थपती सहसा ठेवीत नाहीत. तथापि, तिच्यात गुर्नावासी बोलतात ते फत्हींच्याच लेखणीतून. त्यांची स्वतःची बाजू वाचकापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचत नाही. बांधकामात जी उणीव राहिली, तीच ग्रंथातही राहिली.

१९८० मध्ये आगाखान स्थापत्य पुरस्काराचा अध्यक्षीय सन्मान आणि राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना लाभले. तोवर त्यांच्या शैलीतील घरे श्रीमंतांनाही हवीशी झाली होती. ईजिप्तच्या गरिबाला मात्र काँक्रीटमध्येच प्रतिष्ठा दिसत राहिली. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी कैरो येथे त्यांचे निधन झाले. जुन्या गुर्नातील घरे २००६ नंतर मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली. नव्या गुर्नातीलही अनेक मूळ घरे नष्ट झाली, मशीद राहिली. त्यांनी प्रकाशात आणलेली न्युबियन छताची पद्धत मात्र पुढे बुर्किना फासोसारख्या, लाकडाची टंचाई असलेल्या देशांत पोहोचली आणि तेथील गवंडी ती शिकून आपल्याच गावांत घरे बांधू लागले. गुर्नात फत्हींना लोकांची जी साथ मिळाली नाही, ती त्यांच्या तंत्राला तेथे मिळाली.