अर्थमंत्र्यांचा राजीनामा : डॉ. चिंतामणराव देशमुख



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी स्टेट बँकेचे पासबुक आणि एलआयसीची पॉलिसी जपून ठेवलेली असते. या दोन्ही संस्थांचा पाया घातला गेला, तेव्हा देशाचे अर्थमंत्रिपद एका मराठी माणसाकडे होते. त्या माणसाने ऐन मानाच्या काळात ते पद सोडले. त्यांचे नाव डॉ. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. लोक त्यांना सी. डी. देशमुख म्हणून ओळखत.

१४ जानेवारी १८९६ रोजी रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या नाते या गावी त्यांचा जन्म झाला. वडील वकील होते. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकून ते आय.सी.एस. झाले. मध्य प्रांतात त्यांनी अनेक वर्षे सरकारी सेवा केली. ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीतील अर्थमंत्र्याची खुर्ची काही स्थिर नव्हती. पहिले अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांनी १९४८ साली राजीनामा दिला. दुसरे डॉ. जॉन मथाई. हे केरळचे ख्रिस्ती गृहस्थ. नियोजन मंडळाच्या अधिकारांवरून पंतप्रधान नेहरूंशी मतभेद झाले आणि १९५० साली तेही बाहेर पडले. त्यांच्या जागी नेहरूंनी देशमुखांना आणले. १९५२ साली कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, ते लोकसभेवर निवडून गेले. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या असे तिला कायद्यानेच बांधून दिले होते. बँक लहान गावांपर्यंत पोहोचावी हा त्यामागचा हेतू.

नेहरूंचे आणि त्यांचे संबंध केवळ कामापुरते नव्हते. जानेवारी १९५३ मध्ये देशमुखांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तेव्हा साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत स्वतः नेहरू होते. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा निर्णय त्यांना किती जड गेला असेल हे कळते.

त्या वेळी भाषावार राज्यांचा प्रश्न पेटला होता. आपल्या जामखेडकरांना तो नकाशातला प्रश्न नव्हता. आपला नगर जिल्हा मुंबई राज्यात होता, पण आष्टी-पाटोद्याकडे निघाले की शीव ओलांडताच हैदराबाद राज्य लागे. बोली तीच, सोयरीक तीच, बाजारही तोच, राज्य मात्र वेगळे. सगळे मराठी लोक एका राज्यात असावेत आणि मुंबई त्यात असावी, ही मागणी घरोघरी पोहोचली होती.

१६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबईत उद्रेक झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक माणसे मेली. अवघ्या तीन दिवसांनी, १९ जानेवारीला, देशमुखांनी आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतल्याची घोषणा केली. एकीकडे आयुष्यातले मोठे काम हातात होते आणि दुसरीकडे मन मंत्रिमंडळात राहायला तयार नव्हते. त्याच महिन्यात त्यांनी पद सोडण्याची इच्छा नेहरूंना कळवली. पण त्यांनी रागाच्या भरात काम टाकले नाही. अर्थसंकल्प मांडला, तो पार पाडला. मुंबईबाबतचा निर्णय बदलत नाही हे पाहिल्यावर जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

लोकसभेत त्यांनी आपली कारणे उघडपणे सांगितली. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला नीट विचारात न घेता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. नेहरूंनी ते मान्य केले नाहीत. दोघांत मोठे अंतर पडले.

त्या राजीनाम्याने मुंबई लगेच मिळाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मोठे द्विभाषिक मुंबई राज्य झाले. त्यात मराठवाडा आला आणि जामखेडच्या शिवेवरची राज्याची सीमा पुसली गेली. पण गुजराती भागही त्यातच असल्याने मूळ मागणी अपुरी राहिली. शंभराहून अधिक जणांचे प्राण गेल्यावर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

सप्टेंबर १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ सुरू झाले, तेव्हा देशमुख मंत्री नव्हते. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले होते. त्याच महामंडळाचा पैसा मुंदडा नावाच्या उद्योजकाच्या कंपन्यांत गुंतवल्याचे प्रकरण निघाले आणि १९५८ साली कृष्णम्माचारींनाही जावे लागले. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या चारही अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. पण राजीनामा आणि राजीनामा यांत फरक असतो. कोणाला प्रकरण अंगाशी आल्यामुळे जावे लागते, तर कोणी मनाला पटत नाही म्हणून आपणहून जातो.

पद गेल्यावर देशमुख रुसून घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून १९६१ पर्यंत आणि नंतर १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९७५ साली पद्मविभूषण. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले.

आपल्यालाही लहानमोठी पदे मिळतात. ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, शाळेची समिती असो. मतभेद झाला की काम अर्धवट टाकून निघून जाणे सोपे असते, आणि खुर्चीसाठी गप्प बसणे त्याहून सोपे. हाती घेतलेले काम पुरे करावे, कारण चारचौघांत सांगावे, मग खुर्ची सोडावी आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाला लागावे, हे मात्र अवघड. देशमुखांनी ते करून दाखवले. पुढच्या वेळी पासबुक भरायला बँकेत जाल, तेव्हा त्यांची आठवण जरूर करा.