अंग पाहून कापड

कापड पाहून अंग आखडायचे, की अंग पाहून कापड बेतायचे? या प्रश्नाचे उत्तर देता देता आयडा रोझेन्थल या बाईंनी बायकांचा पोशाख बदलला. ही गोष्ट आहे दोरीवर टॉवेलखाली लपवून वाळत घातल्या जाणाऱ्या वस्त्राची, म्हणून घरात ती सहसा सांगितली जात नाही.

आयडांचा जन्म १८८६ सालचा, मिन्स्कजवळच्या राकोव्ह गावातल्या ज्यू कुटुंबातला. वडील धर्मग्रंथांचे अभ्यासक; आई छोटे दुकान चालवी. आयडा लहानपणीच शिवण शिकल्या. विल्यम रोझेन्थल हा तरुण झारच्या सैन्यातली भरती चुकवून अमेरिकेला गेला, पाठोपाठ आयडाही गेल्या. १९०६ साली लग्न झाले. न्यू जर्सीतल्या होबोकेनला त्यांनी हप्त्याने सिंगरचे शिवणयंत्र घेतले आणि घरीच कपडे शिवू लागल्या. बँकेत असताना शिवणयंत्रासाठीची अशी कर्जे मीही मंजूर केली आहेत. तो हप्ता बायका सहसा थकवत नाहीत.

१९२०नंतर न्यूयॉर्कमध्ये एनिड बिसेट यांच्या झग्यांच्या दुकानात आयडा भागीदार झाल्या. तेव्हा मुलासारखे सपाट दिसण्याची टूम होती. छातीवर टॉवेलसारखा सरळ पट्टा आवळायचा आणि मागे हूक लावायचे. भरल्या अंगाच्या बाईला मग उंची झगासुद्धा नीट बसेना. शेवटी एनिड यांनी तो पट्टा मधोमध कापला, दोन कप केले आणि मध्ये इलॅस्टिकचा तुकडा जोडला. हौशी शिल्पकार असलेल्या विल्यमनी त्याला घाट दिला. आधी ही चोळी झग्याबरोबर फुकट मिळे. पुढे बायका नुसती चोळीच मागायला येऊ लागल्या. त्यातूनच मेडनफॉर्म कंपनी उभी राहिली.

या वस्त्राचा बराचसा भार खांद्यावर नव्हे, तर छातीखालच्या पट्टीवर असतो. बरगड्यांचा घेर मात्र प्रत्येकीचा वेगळा. कुणाच्या फासळ्या खाली पसरलेल्या, कुणाची पाठ रुंद, कुणाच्या कण्याला बाक. सरळ पट्टी नळकांड्यावर चपखल बसते. खाली रुंदावत जाणाऱ्या अंगावर ती खालच्या कडेला काचते, नाहीतर वर सरकते. अशा अंगासाठी पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेचे माप वेगवेगळे घ्यायचे आणि ती कमानीसारखी कापायची. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल तर कागदावर दोन्ही बाजू वेगळ्या आखायच्या. आधी जुन्या कापडाची कच्ची पट्टी टाचून बघायची, बसून, वाकून, श्वास भरून. मगच चांगल्या कापडाला कात्री लावायची.

धंदा वाढला तसे एका बाईने अख्खा नग शिवणे मागे पडले. एकीने एकच शिवण घालायची, दुसरीने पुढची. १९३०च्या दशकात या धंद्यात कपांच्या मापांना ए, बी, सी, डी ही अक्षरे आली. वस्त्र स्वस्त झाले, घरोघर पोचले. आयडांचे हे कर्तृत्व लहान नव्हे. पण वेगळ्या बांध्याची बाई, जिच्या अडचणीतून हे सारे सुरू झाले, ती पुन्हा मापाबाहेर राहिली. गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीने सैन्याच्या निरोप्या कबुतरांसाठी त्यांच्या छातीच्या घाटाबरहुकूम अंगरखे शिवून दिले. पाखरासाठी कापड बेतले गेले!

विल्यम १९५८ साली वारले, आयडा १९७३ साली. पाच फुटांहूनही ठेंगण्या असलेल्या या बाईंनी शिलाईच्या एका खोलीतून जगभर पसरलेला धंदा उभा केला. पण त्यांची खरी शिकवण त्या पहिल्या कापलेल्या पट्ट्यात आहे. दुकानातला एकही नंबर बसत नाही म्हणून घरातली एखादी मुलगी हिरमुसून परत आली, तर तिला सांगावे, की खोट तुझ्या अंगात नाही, मापात आहे. आणि टेप, कागद, कात्री घेऊन तिच्याबरोबर बसावे.