खानदेशची बहिणाबाई

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात एका वृद्ध शेतकरी बाईचे निधन झाले. त्यांचे नाव बहिणाबाई चौधरी. घरच्यांना एक कष्टाळू आणि मायाळू आई गेल्याचे दुःख झाले. त्या मोठ्या कवयित्री होत्या, हे मात्र महाराष्ट्राला अजून माहीत नव्हते.

जळगाव आपल्या किन्हीराजापासून फार दूर नाही. अकोल्याहून रेल्वेने पश्चिमेकडे निघाले की शेगाव, मलकापूर, भुसावळ आणि मग जळगाव लागते. तिकडेही आपल्यासारखीच काळी जमीन, कापूस आणि ज्वारी. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी महाजन व आईचे भिमाई. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी झाले. शाळेत जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांना अखेरपर्यंत लिहिता-वाचता आले नाही.

पण पहाटे जात्यावर दळताना, शेतात निंदताना त्यांच्या ओठांवर आपोआप गाणे येई. तुमच्या दादीने किंवा नानीने चक्कीवर दळताना गाणी म्हटलेली तुमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. दख्खनी भाषेत सूफी बुजुर्गांनी रचलेले चक्कीनामे पूर्वी विजापूरकडच्या बायका दळतानाच गात असत. जाते आणि गाणे यांचे नाते असे जुने आहे. फरक एवढाच की बहिणाबाई दुसऱ्याचे गात नव्हत्या. त्या स्वतःचे रचत होत्या.

ऐन तिशीत त्यांना वैधव्य आले. काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुले त्यांना वाढवायची होती. या दुःखातूनही त्यांचे गाणे निघाले. एका गाण्यात त्या ज्योतिषाला सांगतात, माझा हात पाहू नकोस, माझे दैव मला ठाऊक आहे. रडगाणे मात्र त्यांनी गायिले नाही.

मुक्या प्राण्यांवर त्यांची फार माया होती. पोळ्याच्या दिवशी बैलांना सजवून हुंदडवतात, हे आपण आपल्या भागातही पाहतो. बहिणाबाईंनी पोळ्याचे वर्णन केले आणि जाता जाता शेतकऱ्याला समजही दिली, की बैलांना असे पळवू नका, त्यांच्या डोक्यावर जड बाशिंगे बांधू नका. हौस आपली होते आणि त्रास बैलाला होतो. सणाच्या गर्दीत बैलाची बाजू घेणारी ही बाई मला फार मोठी वाटते.

‘ळ’ उच्चारताना तुमच्यापैकी अनेकांची जीभ अडखळते. बहिणाबाईंच्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो; पोळ्याला त्या ‘पोया’ म्हणत. आपल्या वऱ्हाडीतही असे ऐकू येते. तेव्हा त्यांची गाणी वाचायला घाबरू नका.

जवळ कोणी लिहिणारा नसला की गाणे तिथेच विरून जाई. अशी किती गाणी गेली याची मोजदाद नाही. सोपानदेव मोठे होऊन स्वतः कवी झाले. ते आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तेव्हा आईची गाणी वहीत उतरवून घेत. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही भीतभीतच आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे मराठीतले नामांकित लेखक आणि संपादक. वाचताच ते थक्क झाले. ही गाणी महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हाच ठरेल, असे त्यांचे म्हणणे पडले. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. त्याला प्रस्तावना अत्र्यांनीच लिहिली. पहिल्या आवृत्तीत फक्त ३५ कविता होत्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.

बहिणाबाईंचे एक गाणे जळगावच्या छापखान्यावरही आहे. यंत्राची धडधड, कागदावर उमटणारी अक्षरे त्यांनी मोठ्या कुतूहलाने पाहिली. त्यांना त्यातले एकही अक्षर वाचता येत नव्हते. तरी त्यांनी एक गंमत टिपली: कोरा कागद छापल्यावर शहाणा होतो, माणूस मात्र वेडा तो वेडाच राहतो. पुढे हे गाणेही छापून निघाले.