खुराच्या भेगेतला शत्रू शोधणारा संशोधक

कोलाड (जि. रायगड) : भाताची कापणी उरकली, की देशावरच्या धनगरांचे वाडे सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात येऊ लागतात. रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत शेतकऱ्याला द्यायचे आणि मोबदल्यात धान्य किंवा रोख रक्कम घ्यायची, हा येथील जुना व्यवहार. पावसाळ्यापूर्वी हेच कळप पुन्हा घाट चढून कोरड्या माळरानाकडे निघतात. या साऱ्या जगण्याचा भार मेंढीच्या चार पायांवर असतो. दहा-वीस मेंढ्या लंगडू लागल्या, तर अख्खा वाडा अडतो.

कुंडलिकेच्या खोऱ्यात ही काळजी अधिकच घ्यावी लागते. भिऱ्याच्या वीज केंद्रातून सुटणारे पाणी कालव्यांतून खेळते, उन्हाळी भात पिकते आणि ऐन उन्हातही बांधालगतची जमीन ओली राहते. ऊब आणि ओल एकत्र आली, की मेंढीच्या दोन खुरांमधली कातडी नरम पडते. अशा वेळी जो रोग शिरतो त्याला पशुवैद्यकशास्त्रात 'फूटरॉट' म्हणतात, म्हणजेच खूर कुजणे. लाळ्या-खुरकुतीपेक्षा हा रोग निराळा. ती विषाणूमुळे होते, हा जिवाणूमुळे. यात खुराचे कवच आतल्या मांसापासून सुटत जाते, उग्र दुर्गंधी येते आणि जनावर गुडघे टेकून चरू लागते. मेंढी सहसा मरत नाही. पण तिचे वजन घटते, लोकर कमी होते आणि ती कळपामागे पडते.

हा रोग शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. त्याचे नेमके कारण मात्र ठाऊक नव्हते. दोष चिखलाला दिला जाई, ओल्या कुरणाला दिला जाई. खरा शत्रू शोधून काढला तो विल्यम इयान बिअर्डमोर बेव्हरिज या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने.

फसलेल्या प्रयोगांची मालिका

बेव्हरिज यांचा जन्म १९०८ मध्ये न्यू साऊथ वेल्स प्रांतातील जुनी या गावी झाला. हा सारा मुलूख गव्हाचा आणि मेंढ्यांचा. सिडनी विद्यापीठातून पशुवैद्यकाची पदवी घेतल्यावर ते तेथील मॅकमास्टर प्राणी आरोग्य प्रयोगशाळेत संशोधन करू लागले. लोकर हा तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या अर्थव्यवस्थेचा कणा होता. साहजिकच मेंढीचे खूर हा त्या देशाच्या चिंतेचा विषय होता.

कुजलेल्या खुरात एक नव्हे, अनेक प्रकारचे सूक्ष्मजीव सापडतात. त्यातला मूळ गुन्हेगार कोणता, हेच कोडे होते. बेव्हरिज यांचे लक्ष आधी एका नागमोडी जिवाणूकडे गेले. त्याला वेगळे काढून त्यांनी १९३६ मध्ये त्याचे वर्णनही प्रसिद्ध केले. पण रोगाचे मूळ तो नव्हता. पुढे त्यांचा संशय दोन्ही टोकांना गाठी असलेल्या एका जाडसर दंडाकृती जिवाणूवर स्थिरावला. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसे, पण प्रयोगशाळेत वाढवायचा म्हटले तर वाढत नसे. आणि वाढवल्याशिवाय दोष सिद्ध करता येत नव्हता.

जिवाणू मेंढीच्या अंगात वाढतो, तर त्याला मेंढीच्याच रक्तातील सिरम मानवेल, हा तर्क बिनतोड वाटत होता. त्यानुसार बेव्हरिज पोषक द्रावण तयार करीत राहिले आणि प्रत्येक प्रयोग फसत राहिला. अखेर एकदा जिवाणू वाढला. असे काय वेगळे घडले, हे पाहण्यासाठी त्यांनी आपली टिपणवही उघडली. त्या दिवशी मेंढीचे सिरम शिल्लक नव्हते, म्हणून घोड्याचे वापरले होते! जो तर्क निर्दोष वाटला, तोच इतके दिवस वाट अडवून उभा होता. नोंद ठेवण्याची शिस्त नसती, तर हा योगायोग वाया गेला असता. १९४१ मध्ये त्यांनी हे संशोधन सविस्तर प्रसिद्ध केले आणि जिवाणूला 'फ्युजिफॉर्मिस नोडोसस' असे नाव दिले. आज तो 'डायकेलोबॅक्टर नोडोसस' या नावाने ओळखला जातो.

आठवड्याचा हिशेब

शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोलाची ठरली ती त्यांची दुसरी बाब. प्राणवायूचे वावडे असलेला हा जिवाणू कुजलेल्या खुराच्या भेगेत दीर्घकाळ दडून राहतो. उघड्या कुरणावर मात्र साधारण एक-दोन आठवड्यांपलीकडे तग धरत नाही. म्हणजे जमीन कायमची शापित नसते. रोग राहतो तो जनावराच्या पायात.

पुढची सारी उपाययोजना याच हिशेबावर उभी राहिली. कोरड्या दिवसांत प्रत्येक मेंढीचा पाय उलटा करून तपासायचा, लंगडी जनावरे वेगळी ठेवायची, झिंक सल्फेटच्या पाण्यातून कळप चालवायचा, बरी न होणारी जनावरे काढून टाकायची आणि निरोगी कळप दोन आठवडे मोकळ्या राहिलेल्या रानात न्यायचा. पूर्वी खुरे खोलवर छाटण्यावर भर असे. अति छाटणीने जखम भरण्यास उशीर होतो, हे आता दिसून आले आहे. त्याऐवजी पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळीच प्रतिजैविक देणे श्रेयस्कर मानले जाते. निदानासाठी जनुकीय चाचण्याही उपलब्ध आहेत.

लसीचे काम मात्र अवघड ठरले. या जिवाणूचे दहा सिरोगट आहेत आणि एकाविरुद्धची लस दुसऱ्याला रोखत नाही. सगळे एका लसीत घातले, तर परिणाम फिका पडतो. म्हणून त्या भागात आढळणाऱ्या गटापुरतीच लस बनवण्याचा मार्ग निघाला. नेपाळमध्ये उन्हाळ्यात उंच कुरणांवर जाणाऱ्या कळपांत तो यशस्वी झाला. चालत्या कळपातूनही हा रोग हटवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. सुमारे २७ लाख मेंढ्या असलेल्या महाराष्ट्राने हा धडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

संशोधनाची कला

बेव्हरिज खुरापाशी थांबले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी मेलबर्नमध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासोबत कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवण्याच्या तंत्रावर काम केले. १९४७ ते १९७५ या काळात ते केंब्रिज विद्यापीठात प्राणिविकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५० मध्ये आलेल्या त्यांच्या 'द आर्ट ऑफ सायंटिफिक इन्व्हेस्टिगेशन' या पुस्तकाने त्यांना जगभर वाचक मिळवून दिले. शोधात तर्काइतकाच योगायोगालाही वाटा असतो, पण तो ओळखणारी नजर तयार असावी लागते, हे त्यात त्यांनी मांडले. घोड्याच्या सिरमची हकिगतही त्यात आहे. आपली चूक त्यांनी लपवली नाही. २००६ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कोलाडच्या खाचरात मुक्काम करणाऱ्या धनगराला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. मात्र ओली जमीन सोडून कोरड्या रानाकडे वळण्याचे शहाणपण त्याच्या पूर्वजांनी चालता चालताच मिळवले होते. बेव्हरिज यांनी त्यामागचे एक कारण दाखवून दिले आणि शत्रू मातीत नव्हे, पायात शोधायचा असतो, हे शिकवले. वैशाखात परतीची वाट धरण्याआधी प्रत्येक मेंढीचा पाय एकदा हातात घेऊन पाहिला, तर त्या शोधाचे चीज होईल.