वामनदादांच्या गाण्यांना अभिजात कधी म्हणणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून अभिजात हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. मराठी संगीतातले अभिजात काय, अशी चर्चा निघाली की नाट्यपदे, गीतरामायण, अभंगवाणी आणि भावगीतांचे अल्बम यांची नावे लगेच घेतली जातात. या यादीला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच की, महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पन्नास-साठ वर्षे गायल्या गेलेल्या भीमगीतांची एकही ध्वनिमुद्रिका किंवा कॅसेट या यादीत का नाही? दुर्लक्षित राहिलेल्यांपैकी पहिला मान कोणाला द्यायचा असेल, तर तो महाकवी वामनदादा कर्डक यांच्या गाण्यांना द्यावा, असे आमचे मत आहे. त्यासाठी आधी त्यांचे आयुष्य समजून घ्यावे लागेल.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या गावी झाला. घरची गरिबी, त्यात शाळेचा पत्ता नाही. लहानपणी त्यांनी गुरे राखली. पुढे ते आईबरोबर मुंबईला आले आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहू लागले. मिळेल ते अंगमेहनतीचे काम त्यांनी केले. त्या काळी कामगार वस्त्यांत समता सैनिक दलाचे काम जोरात होते. वामनदादा त्यात सामील झाले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

एकदा कोणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला आले. तरुण वामनला ते वाचता येईना. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली. पुढे दुकानांवरच्या पाट्या वाचत ते जोडाक्षरे शिकले. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाचा महाकवी वयात आल्यावर अक्षरे शिकला, हे आजच्या तरुणांनी विसरू नये. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे रचले. एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे ते विडंबन होते. तेव्हा ते विशीत होते. तिथून पुढे साठ वर्षे त्यांची लेखणी थांबली नाही.

वामनदादांनी हजारो गाणी लिहिली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह १९७० च्या दशकात आले. पण ते केवळ लिहिणारे कवी नव्हते. ढोलकी-पेटीचा संच घेऊन ते गावोगाव फिरले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नवा धम्म वस्तीवस्तीत पोहोचवायचा होता. ग्रंथ वाचू शकणारे थोडे होते, पण गाणे सर्वांना ऐकता येत होते. बुद्ध, जोतीराव, बाबासाहेब, रमाई यांचे जीवन लोकांच्या तोंडी बसवण्याचे काम जलसाकारांनी आणि गायकांनी केले. त्यात वामनदादा अग्रभागी होते. या कामाने त्यांना कधी श्रीमंत केले नाही. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात, २३ जून रोजी, भीमगीते घराघरांत नेणारे प्रल्हाद शिंदेही गेले. चाळीस दिवसांत आपण एक महाकवी आणि एक महागायक गमावला.

आता अल्बमकडे येऊ. अल्बम म्हटले की एक गायक, एक संगीतकार, एक मुखपृष्ठ असे चित्र डोळ्यांसमोर येते. वामनदादांचे काम या चौकटीत बसत नाही. त्यांची गाणी प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर अशा अनेकांनी गायली. ती कितीतरी ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटमध्ये विखुरली आहेत. वेष्टनावर गायकाचे नाव मोठे आणि कवीचे बारीक, कधी तेही नाही. ऐकणाऱ्याला गाणे पाठ असते, पण ते लिहिले कोणी हे ठाऊक नसते. सुदैवाने वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. संतांच्या अभंगात जशी नाममुद्रा असते तशीच ही. वेष्टन हरवले तरी गाणे स्वतःच कवीचे नाव सांगते.

या गाण्यांना अभिजात म्हणण्याला दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, चाली उसन्या आहेत. हे काही अंशी खरे आहे. जलशाच्या पुस्तिकांत गाण्याच्या वर चाल म्हणून सिनेगीताचे नाव छापलेले असे. पण त्यामागचे कारण पाहा. संगीत शिकायला गुरू नाही, नवी चाल लोकांपर्यंत न्यायला रेडिओ नाही. लोकांच्या कानात आधीच असलेली चाल घेतली की नवा विचार एका रात्रीत तोंडपाठ होतो. उसनी चाल ही विचार पोहोचवण्याची युक्ती होती. कीर्तन, भारूड, पोवाडा यांतही ओळखीच्या चाली पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. तिथे आपण त्याला परंपरा म्हणतो.

दुसरा आक्षेप, ही प्रचाराची गाणी आहेत. ज्यांना तसे वाटते त्यांनी ती नीट ऐकावीत. वामनदादांनी फक्त जयजयकार केला नाही. बाबासाहेबांच्या पश्चात अनुयायांत पडलेल्या फुटीवर त्यांनी कोरडे ओढले. देशाच्या संपत्तीत श्रमिकांचा वाटा कुठे आहे, असा जाब त्यांनी भांडवलदारांना विचारला. ज्या समाजासमोर गायचे, त्याच समाजाला आरसा दाखवायचा, हे धाडस प्रचारकाचे नसते. आमची अभिजाततेची कसोटी साधी आहे. गाणे पन्नास वर्षांनीही आजच्या प्रश्नाला भिडते का, आणि वाद्ये बंद केली तरी उभे राहते का? आज डीजेवर वाजणारी कितीतरी गाणी या कसोटीला उतरणार नाहीत. वामनदादांची उतरतात.

वसई-विरारमध्ये हा विषय आम्हाला जवळचा वाटतो. मुंबईच्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून निघालेली अनेक कुटुंबे नालासोपारा, विरार, वसईत स्थायिक झाली. सामानाबरोबर बाबासाहेबांची तसबीर आली तशा भीमगीतांच्या कॅसेटही आल्या. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून घरी आणलेल्या या कॅसेट आता माळ्यावर धूळ खात आहेत. टेप बिघडली, फीत बुरशीने खराब झाली, घर बदलताना पिशवी भंगारात गेली, असे घरोघर होते आहे.

आपल्याच सोपाऱ्यात याचा धडा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उत्खननातून उजेडात आणला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. नवव्या लेखाचा भाग १९५६ मध्ये सापडला. बाकीचे लेख इथे मिळाले नाहीत. तरीही अशोकाचे शब्द आपण वाचू शकतो, कारण तेच लेख गिरनार, कालसी, मानसेहरा इथल्या खडकांवरही कोरलेले होते. एका ठिकाणचा दगड फुटला तरी मजकूर वाचला, तो अनेक प्रती असल्यामुळे.

म्हणून तरुणांना आमचे आवाहन आहे. येत्या बुद्धपौर्णिमेला सोपारा स्तूपावर जमाल, तेव्हा घरातल्या जुन्या कॅसेटची यादी करून आणा. कॅसेटचे नाव, कंपनी, गायक, गीतकार, संगीतकार आणि वर्ष, जेवढे वेष्टनावर असेल तेवढे लिहा. गीतकाराचे नाव नसेल तर शेवटचे कडवे ऐका. फीत चालत असेल तर तिचे डिजिटल रूपांतर करून प्रती विहारात, वाचनालयात आणि घरात अशा तीन ठिकाणी ठेवा. ज्येष्ठांना विचारून गाण्यांची माहिती नोंदवा. असा संग्रह हाताशी असेल, तर विद्यापीठांच्या आणि समीक्षकांच्या दारात आपण पुराव्यानिशी उभे राहू. भाषेला अभिजात दर्जा मिळवतानाही जुने शिलालेख आणि जुने ग्रंथ पुरावा म्हणून मांडावे लागले होते. वामनदादांच्या गाण्यांचा पुरावा आपल्या माळ्यावर आहे. तो भंगारात जाण्याआधी खाली उतरवा.

जय भीम! नमो बुद्धाय!