वाळूखालच्या पाण्याचा शोध घेणारा अभियंता

शहरातील अनेक दिवाणखान्यांत आज काचेची मत्स्यपेटी दिसते. तळाशी खडीचा थर, त्यात रुजलेल्या पाणवनस्पती आणि त्यांच्यामधून विहरणारे रंगीत मासे, असे हे छोटेसे जलविश्व. ते सांभाळणाऱ्याला दोन प्रश्न सतत छळतात. पाणी गाळायचे कसे आणि वाहते ठेवायचे कसे? प्रवाह मंद झाला की कोपऱ्यांत घाण साचते, वेग वाढला की कोवळी रोपे उखडतात आणि पाण्यात विरघळलेला कर्बवायू उडून जातो. गाळणी तुंबली की माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया साठत जातो आणि चकाकणाऱ्या पेटीत मासे तडफडू लागतात. हेच दोन प्रश्न पेटीऐवजी शहरापुढे उभे राहिले, तर प्रश्न हजारो माणसांच्या प्राणांचा होतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे याच दोन प्रश्नांना वाहिली आणि त्यातली बहुतेक वर्षे त्यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, विशेषतः महाराष्ट्रात काढली.

म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागराचे शिल्पकार ही त्यांची ओळख सर्वपरिचित आहे. त्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन साजरा होतो. त्यांच्या जन्माचे साल काही चरित्रांत १८६०, तर काहींत १८६१ असे दिले जाते. चिक्कबळ्ळापूरजवळचे मुद्देनहळ्ळी हे त्यांचे जन्मगाव. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार होते, पण घरची स्थिती बेताचीच होती. पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी आपला खर्च भागवला. पदवी मिळाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीने त्यांना पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणले. हीच संस्था आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. १८८३ मध्ये स्थापत्यशास्त्राच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

सुरुवातीच्या नेमणुका नाशिक आणि खानदेशात झाल्या. धुळे जिल्ह्यातील दातर्ती येथे पाटाचे पाणी नाल्यापलीकडे नेण्यासाठी नळांचा सायफन बांधण्याचे काम या नवख्या अभियंत्याकडे आले. पाणी एका काठावरून नळात उतरते, प्रवाहाच्या तळाखालून जाते आणि पलीकडच्या काठावर आपल्याच दाबाने वर चढते, अशी ही रचना असते. कागदावर ती सोपी दिसते. प्रत्यक्षात पावसाळ्यातले पाणी वाळू आणि गाळ घेऊन येते. नळातला वेग अपुरा पडला तर हा गाळ खालच्या वळणात बसतो आणि नळ बुजतो. पुराच्या दिवसांत हे काम पार पाडताना पाण्याच्या वेगाचे आणि गाळाचे नाते विश्वेश्वरय्यांना जवळून पाहायला मिळाले.

ज्या पांझरा नदीच्या खोऱ्यात त्यांनी हे पहिले धडे घेतले, तिथे शेतकऱ्यांची फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली होती. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पिके आलटून पालटून बदलायची आणि पाटकऱ्याने प्रत्येकाला पाळीने पाणी द्यायचे, असा हा शिरस्ता होता. पुढे विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यासाठी सुचवलेल्या योजनेशी या जुन्या शिरस्त्याचे साम्य सहज नजरेत भरते.

त्यांच्या बुद्धीची खरी कसोटी लागली ती १८९४ मध्ये. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. सिंधू नदीच्या काठावरच्या सक्कर शहराला पिण्याच्या पाण्याची योजना हवी होती. नदी दारातून वाहत होती, तरी तिचे पाणी गढूळ आणि मातकट असे. ते पंपाने टेकडीवर चढवावे, तिथे वाळूच्या गाळण्या बांधाव्यात आणि स्वच्छ झालेले पाणी नळांनी शहरात सोडावे, असा विचार होता. मात्र गाळण्यांचा खर्च नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचा होता.

या गाळण्यांचे महत्त्व त्या काळी जगाला नुकतेच कळू लागले होते. स्कॉटलंडमधील पेझली येथे १८०४ मध्ये आणि लंडनच्या चेल्सी भागात १८२९ मध्ये वाळूतून पाणी गाळण्याचे प्रयोग झाले होते. १८८४ मध्ये कोलकात्यात रॉबर्ट कॉख यांनी पटकीच्या जंतूवरील आपले संशोधन पूर्णत्वास नेले. १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीची भयंकर साथ आली आणि आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारचे अल्टोना शहर त्याच एल्बे नदीचे पाणी पीत होते, पण वाळूतून गाळून. तिथे साथीचा जोर फारच कमी राहिला. एकाच नदीच्या काठावरच्या दोन शहरांमध्ये जीवनमरणाचे अंतर पाडले ते वाळूच्या थराने. त्यामुळे सक्करच्या नगरपालिकेला पैशांअभावी गाळण्या वगळणे परवडणार नव्हते आणि बांधणेही शक्य नव्हते. हा पेच विश्वेश्वरय्यांपुढे होता.

त्यांनी काढलेला तोड असा होता. गाळणी टेकडीवर बांधण्याऐवजी निसर्गाने नदीपात्रातच अंथरलेल्या वाळूला गाळणी मानायचे. काठाजवळ पात्रातच त्यांनी गोल विहीर खणली. वाहत्या पाण्यातले थेंब वाळूच्या थरांतून पाझरत विहिरीत उतरू लागले तेव्हा मातीचा अंश मागेच राहिला. एका विहिरीचे पाणी शहराला पुरेसे नव्हते. तेव्हा विहिरीच्या तळापासून नदीच्या पात्राखाली भुयार काढण्यात आले. पाझराला अधिक वाव मिळाला आणि आवकही वाढली. हे निवळलेले पाणी पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवले गेले आणि तिथून ते उताराने घरोघर पोहोचले. १८९५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते या योजनेचे उद्घाटन झाले.

या तोडग्यामागचे तत्त्व आपल्या मातीला अपरिचित नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात नद्यांची धार आटली की गावकरी कोरड्या पात्रात झिरे खोदतात आणि वाळूतून पाझरलेले पाणी वाटीवाटीने भरून नेतात. चिमूर परिसरातून वाहणाऱ्या उमा नदीसारख्या पावसाळी नद्यांच्या काठी वाळूखालचे पाणी हाच उन्हाळ्यातला आधार असतो. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी ड्युसेलडॉर्फ शहर १८७० पासून काठालगतच्या विहिरींतून पाझरलेले पाणी घेऊ लागले होते. विश्वेश्वरय्यांचे श्रेय हे की, खेड्यातल्या माणसाच्या गरजेतून जन्मलेल्या झिऱ्याच्या तत्त्वाला त्यांनी मोजमाप, भुयार आणि पंप यांची जोड दिली आणि त्यातून एका गरीब नगरपालिकेची तहान भागवली.

वाळू पाणी स्वच्छ करते ती केवळ चाळणीसारखी अडवून नव्हे. पाणी संथपणे झिरपत राहिले की वरच्या कणांभोवती जिवाणूंचा बुळबुळीत थर जमतो आणि तो सेंद्रिय घाण खाऊन टाकतो, रोगजंतूंनाही अटकाव करतो. संथ वाळूगाळणीतून तासाला साधारण १० ते ३० सेंटिमीटर इतक्याच वेगाने पाणी उतरू दिले जाते. वेग वाढवला तर या सूक्ष्मजीवांना पुरेसा अवधी मिळत नाही, प्रवाह थांबवला तर प्राणवायूअभावी ते मरतात. मत्स्यपेटीत खडीखाली बसवलेली गाळणीही याच नियमाने चालते. खडीवरचे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि पाणवनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. म्हणूनच जाणकार शौकीन पेटीतली सगळी खडी एकाच वेळी नळाखाली खळखळून धूत नाही. तसे केल्यास पाणी गाळणारे हे अदृश्य कामगारच वाहून जातात.

सक्करनंतर सुरतेच्या पाणीपुरवठ्याचे काम उरकून विश्वेश्वरय्या पुन्हा पुण्याला आले. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले अशा थोरांच्या सहवासाचे हे दिवस होते. या काळात गाळण्यापेक्षा प्रवाहाचा प्रश्न त्यांच्यापुढे अधिक होता. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासल्याच्या धरणाचे काम १८७९ मध्ये पूर्ण झाले होते. पावसाळ्यात त्याच्या सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. भिंत उंच करणे खर्चाचे आणि जोखमीचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवण्याची युक्ती काढली. पाण्याची पातळी ठरावीक रेषेच्या वर गेली की चढत्या पाण्याच्याच जोराने दारे उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. १९०३ मध्ये ही दारे बसली आणि मूळ भिंतीला हात न लावता जलाशयाचा साठा वाढला. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन मात्र नाकारले.

याच काळात नीरा कालव्यावरची गटवार पाणीवाटपाची योजना, म्हणजेच ब्लॉक पद्धत, त्यांनी मांडली. कालव्याच्या वरच्या भागातले बागायतदार उसाला मनमुराद पाणी देत होते. अतिपाण्याने जमिनी चोपण आणि खारवट होत होत्या, साचलेल्या डबक्यांतून हिवतापाला आमंत्रण मिळत होते आणि खालच्या गावांच्या वाट्याला कोरडा पाट येत होता. जमिनींचे गट पाडून, त्यांत जास्त आणि कमी पाण्याची पिके आलटून पालटून घेऊन पाणी अधिक गावांत पसरवायचे, ही त्यांची सूचना होती. मुबलक पाण्याची सवय झालेल्या बागायतदारांना ती रुचली नाही आणि विरोधाला तोंड देत त्यांना लोकांची समजूत घालावी लागली. एका बाजूला सडण आणि दुसऱ्या बाजूला तहान, हे त्यांनी शतकापूर्वी ओळखलेले दुखणे महाराष्ट्राच्या कालव्यांवर आजही पुरते बरे झालेले नाही.

१९०४ मध्ये त्यांच्याकडे मुंबई सरकारच्या आरोग्य अभियंत्याची जबाबदारी आली. १९०६ मध्ये ते एडनला गेले. रखरखीत किनाऱ्यावरच्या त्या बंदराला पाणी कुठून द्यायचे, या प्रश्नावरही त्यांनी आतल्या भागातील नदीच्या पात्रात विहिरी घेण्याचा मार्ग सुचवला. सक्करची वाळू त्यांनी अरबस्तानच्या काठावर पुन्हा कामाला लावली.

इतके करूनही मुख्य अभियंत्याची खुर्ची भारतीय माणसाला मिळणार नाही, हे उघड होते. अनेक ज्येष्ठांना मागे टाकून त्यांना बढत्या मिळाल्या होत्या आणि त्यामुळे खात्यात कुरबुरही होती. १९०८ मध्ये त्यांनी सेवेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. ते परदेश दौऱ्यावर असताना, त्याच वर्षी २८ सप्टेंबरला, हैदराबादेत मुसी नदीला प्रलयंकारी पूर आला आणि हजारो माणसे बुडाली. निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर रोखावा, अशी शिफारस त्यांनी केली. पुढे उभे राहिलेले उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्याच शिफारशीचे फलित होत.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. कृष्णराजसागराच्या बांधकामाला १९११ मध्ये प्रारंभ झाला. दिवाणपद मात्र त्यांनी मतभेदांमुळे सोडले. ब्राह्मणेतर समाजाला सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचे महाराजांचे धोरण त्यांना मान्य नव्हते. गुणवत्तेचा त्यांचा आग्रह प्रामाणिक होता, पण पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी झगडलेल्या या माणसाला संधीच्या वाटपाबाबत तीच दृष्टी ठेवता आली नाही, ही त्यांच्या चरित्रातली विसंगती नजरेआड करता येत नाही.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६० मध्ये, हयातीतच, त्यांच्या गौरवार्थ टपाल तिकीट निघाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही फोडली आणि पुणे शहर उद्ध्वस्त झाले. ज्या जलाशयावर तरुणपणी त्यांनी आपली बुद्धी पणाला लावली होती, तो रिता झाला तेव्हा वृद्ध विश्वेश्वरय्या बंगळुरात आयुष्याचे अखेरचे वर्ष कंठत होते. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

खडकवासल्याची भिंत पुढे पुन्हा बांधली गेली. धरणे, दारे आणि पंप काळाबरोबर बदलतात. वाळूतून संथ झिरपणारा थेंब मात्र तोच नियम पाळत राहतो. आज नद्यांच्या पात्रांतून वाळूचे बेसुमार उत्खनन चालू आहे. ट्रकमागून ट्रक वाळू निघून जाते तेव्हा बांधकामाच्या मालाबरोबर निसर्गाने हजारो वर्षांत घडवलेली गाळणी आणि उन्हाळ्याची साठवणही उचलली जाते. विश्वेश्वरय्यांनी ज्या वाळूच्या भरवशावर एका शहराला निर्मळ पाणी दिले, ती वाळू नदीत राहू देणे एवढे तरी अभियंता दिनाचे हारतुरे वाहणाऱ्या समाजाला जमायला हवे.